एअर इंडिया बिल्डिंग खरंच देखणी आहे का, की नुसती जागा भारी?

चर्चगेट_स्लो

परवा बऱ्याच वर्षांनी नरिमन पॉइंटला जाणं झालं. काम तसं किरकोळच, एका कागदावर शिक्का मारून घ्यायचा होता, पण शिक्कावाल्या बाई जेवायला गेलेल्या त्यामुळे पाऊण तास हातात होता, मग आपलं नेहमीचं, दोन वडापाव बांधून घेतले आणि समुद्राच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. समुद्राकडे पाठ केली की समोर कोण, तर एअर इंडिया बिल्डिंग. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती नीट बघितली. म्हणजे कॉलेजपासून हजार वेळा दिसली असेल, पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं.

तर खरं सांगू का, जवळून काहीच वाटलं नाही हो. तेवीस मजली, उभ्या पट्ट्यापट्ट्यांचा एक पांढुरका ठोकळा. सीएसएमटीसमोर उभं राहिलं की कसं मान दुखेपर्यंत काही ना काही सापडत राहतं, माकड, मोर, सिंह, तसं इथे काही नाही. पण मग संध्याकाळी गिरगाव चौपाटीपर्यंत चालत गेलो आणि तिथून मागे वळून बघितलं तर तीच बिल्डिंग, आणि छातीत काहीतरी हललं. अख्ख्या मरीन ड्राइव्हच्या वळणाचा शेवट तिच्यावर होतो. लहानपणी बाबा चौपाटीवरून बोट दाखवून सांगायचे ते बघ विमानवाल्यांचं ऑफिस, वर तो धनुष्यवाला घोडा. आमच्या घरात तोवर कोणी विमानात बसलेलं नव्हतं, पण ती बिल्डिंग आमचीच वाटायची.

म्हणून घरी येऊन जरा वाचलं. १९७४ मध्ये पूर्ण झाली, आर्किटेक्ट जॉन बर्जी, न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी फर्मचे. २०१३ पर्यंत एअर इंडियाचं मुख्यालय इथे होतं, मग ते दिल्लीला हललं. आणि आता राज्य सरकारने ती १,६०१ कोटींना घेतली, केंद्राची मंजुरी मार्च २०२४ मध्ये आली.

माझा प्रश्न साधा आहे. आपल्याला ही बिल्डिंग आवडते की ती जिथे उभी आहे ती जागा आवडते? जुन्या लोकांनी आठवणी टाकाव्यात, बिल्डिंगवाल्यांनी बिल्डिंगबद्दल बोलावं, आणि कृपया धाग्याचा काश्मीर करू नये (म्हणजे विषय सोडून भांडणं नकोत).

ओवी_दादर

पहिली! मस्त धागा. माझं मत जागा. तीच बिल्डिंग उचलून भांडुपला ठेव, कोणी ढुंकून बघणार नाही.

नाक्यावरचा_नंदू

भांडुपवरून बोलायचं काम नाही. :)

खडूस_सिव्हिल

बिल्डिंगवाल्यांना आवाज दिलाय म्हणून बोलतो. (पस्तीस वर्षं साइटवर गेली, आर्किटेक्ट लोकांशी भांडण्यात.)

ओवीताई, उचलून भांडुपला ठेवा म्हणता, पण या बिल्डिंगची निम्मी गंमत ती जिथे उभी आहे तिथे उभी कशी आहे यातच आहे. नरिमन पॉइंट म्हणजे काय, भराव. तुम्ही जिथे वडापाव खाल्लात तिथे पन्नास-साठ सालापर्यंत मासे पोहत होते. भरावावर तेवीस मजले म्हणजे सगळं वजन भराव आणि गाळ ओलांडून खाली खडकावर न्यावं लागतं, भरावाच्या भरवशावर एक मजलाही ठेवायचा नसतो. आणि वर या बिल्डिंगला दोन तळघरं आहेत. समुद्र हाकेच्या अंतरावर, भरतीचं पाणी मातीतून आत ढकलतंय, आणि तुम्ही खाली खड्डा खणताय. खणताना पंप बंद पडला की खड्ड्याचा तलाव. बरं बांधून झालं तरी सुटका नाही, रिकामं तळघर म्हणजे एक मोठी काँक्रीटची होडीच की, खालचं पाणी तिला सतत वर उचलायला बघतं. वरच्या तेवीस मजल्यांचं वजन तिला दाबून धरतं म्हणून ठीक, पण नुसती तळघरं झालीत आणि वर अजून काही चढलं नाहीये अशा दिवसांत साइट इंजिनिअरला झोप लागत नाही. हे मी माझ्या एका साइटवरून सांगतोय, तिथे आम्ही तीन पावसाळे पंपांची राखण केली.

दुसरं, खारा वारा. समुद्राकडच्या बाजूला क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरतं, गजाला गंज चढतो, गंजलेला गज फुगतो आणि वरचं काँक्रीट पापडासारखं सुटतं. मुंबईत कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगला जा, स्ट्रक्चरल ऑडिटवरच भांडण चाललेलं असतं. ही बिल्डिंग पन्नास वर्षं त्या वाऱ्याच्या तोंडावर उभी आहे. देखणी आहे की नाही ते तुम्ही ठरवा, चिवट आहे एवढं मी सांगतो.

मावळतीची_उन्हं

खडूस काका, दंडवत! होडीचं उदाहरण आयुष्यभर लक्षात राहील.

मी आर्किटेक्चर शिकले (प्रॅक्टिस करत नाही, आता केक करते, तो विषय वेगळा) म्हणून थोडी भर. जॉन्सन-बर्जी म्हणजे साधीसुधी फर्म नव्हती. फिलिप जॉन्सन हा त्या काळातला अमेरिकेतला सगळ्यात बोलबाला असलेला आर्किटेक्ट, १९७९ ला प्रिट्झकर पुरस्कार (आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा) पहिल्यांदा दिला तो त्यालाच. बर्जी त्याचा पार्टनर. त्यांचं मिनियापोलिसचं आयडीएस सेंटर, ह्यूस्टनचं पेन्झॉइल प्लेस, हे सगळं साधारण त्याच पाच-सात वर्षांतलं. नंतर १९८४ मध्ये न्यूयॉर्कला एटी अँड टी बिल्डिंग झाली, डोक्यावर जुन्या कपाटासारखी खाच असलेली, जिच्यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद झाले.

आता मजा बघा. एअर इंडियापासून चालत दहा मिनिटांवर एनसीपीए आहे, नाटक-संगीताचं केंद्र, तिथलं टाटा थिएटर फिलिप जॉन्सनने केलंय, १९८० मध्ये उघडलं. म्हणजे एकाच फर्मच्या दोन पार्टनरांच्या दोन वास्तू, एकाच भरावावर, एकाच घराण्याच्या ओळखीतून आलेल्या, कारण एअर इंडिया सरकारी झाली ती १९५३ ला पण चेअरमन १९७८ पर्यंत जेआरडी टाटाच होते. आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. टाटा थिएटरमध्ये बसलात की कळतं की कोणीतरी आवाजासाठी जीव टाकून काम केलंय, मायक्रोफोन नसताना शेवटच्या रांगेत तानपुरा ऐकू येतो. एअर इंडिया बिल्डिंग त्यामानाने, कशी सांगू, सूट घातलेल्या माणसासारखी आहे. नीटनेटकी. सगळीकडे शोभते आणि कुणालाच आठवत नाही.

तेव्हा चर्चगेट_स्लो, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: तिसरंच. आपल्याला आवडायचा तो वरचा सेंटॉर, तुझ्या बाबांचा धनुष्यवाला घोडा.

चर्चगेट_स्लो

सूट घातलेला माणूस! हाच शब्द मला सुचत नव्हता.

पेन्शनर_आप्पा

नमस्कार मंडळी. मी इथे लिहीत नाही फारसा, नातवाने मोबाइलवर मराठी टायपिंग लावून दिलंय तेव्हा चुकभूल द्यावी घ्यावी.

मी १९७६ ते २००४ नरिमन पॉइंटला नोकरी केली, एअर इंडियात नाही, जवळच्याच एका इमारतीत, सहाव्या मजल्यावर. तेव्हा चर्चगेटला उतरायचं आणि चालत सुटायचं, लोंढाच्या लोंढा, पुरुष सगळे एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पेपर. शेअर टॅक्सी होत्या पण आम्ही महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच टॅक्सीत बसायचो. एअर इंडियातल्या मुली मात्र वेगळ्याच. म्हणजे कारकून त्याही असतील पण साड्या अशा नेसायच्या की आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा म्हणायचा साहेब विमानवाल्या आल्या. बिल्डिंगचा थाट होता हो. तुम्ही ठोकळा म्हणताय ते बरोबर असेल, मला आर्किटेक्चर कळत नाही, पण १९७६ साली गिरगावच्या चाळीतून, दहा बाय बाराच्या खोलीतून निघून ज्याने त्या इमारतीच्या सावलीतून रोज जायचं, त्याला तो ठोकळा वाटत नव्हता. आम्हाला वाटायचं की आता हे शहर असंच होणार.

एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. १२ मार्च १९९३. शुक्रवार होता. दीडच्या सुमारास शेअर बाजारात स्फोट झाला ही बातमी फोनवरून आमच्याकडे आली होती, लोक खिडकीत उभं राहून फोर्टकडे धूर दिसतो का बघत होते. त्यानंतर साधारण तासाभराने आमच्याच खिडक्या हलल्या. मी काचेपासून दोन हात लांब होतो म्हणून वाचलो. गाडीतला बॉम्ब होता, एअर इंडिया बिल्डिंगच्या खालच्या भागात, बँक ऑफ ओमानचं ऑफिस होतं तिथे वर, त्याची दुर्दशा झाली. वीस माणसं गेली त्या एका जागी. सगळ्या शहरात मिळून २५७. मी खाली उतरलो तेव्हा रस्त्यावर सगळीकडे काच, बुटाखाली कचकच आवाज, आणि कागद, इतके कागद मी कधी बघितले नव्हते, टाइप केलेले, शिक्के मारलेले, वाऱ्यावर समुद्राकडे चाललेले. त्या दिवशी चर्चगेटपर्यंत चालताना कोणी कोणाशी बोललं नाही.

पण ती इमारत उभी राहिली. सोमवारी आम्ही परत त्याच रस्त्याने गेलो आणि सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. वर चिन्ह होतं जागेवर.

ओवी_दादर

आप्पा... काय लिहू कळत नाही. माझा भांडुपचा विनोद मागे घेते.

निवांत_नागपूरकर

आप्पा तुम्ही लिहीत राहा, टायपिंग आमच्यापेक्षा बरं आहे तुमचं.

मुंबईकरांनो, थोडी नागपूरची टिमकी वाजवू द्या. त्या एअर इंडियाच्या भिंतींवर काय काय लागलेलं होतं याचा इथे कोणी उल्लेखच केला नाही. कंपनीचा चित्रसंग्रह होता, हजारो वस्तू, चित्रं, शिल्पं, कापड, घड्याळं. सुरुवात १९५६ ला झाली ती बी. प्रभा यांच्या चित्रांपासून, त्या आमच्या नागपूरजवळच्या बेल्याच्या. आणि गायतोंडे, वासुदेव गायतोंडे, ज्यांची चित्रं आता कोट्यवधींत जातात, त्यांचा जन्मही नागपूरचाच, घराणं गोव्याचं. हुसेनही होते संग्रहात. कंपनी चित्रं घ्यायची, जगभरच्या बुकिंग ऑफिसांत लावायची, म्हणजे लंडनच्या माणसाने तिकीट काढायला यावं आणि समोर आपली कोळीण बघावी.

दालीचा किस्सा तर माहीतच असेल. साल्वादोर दालीकडून १९६७ मध्ये अॅश-ट्रे डिझाइन करून घेतले, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायला, एका बाजूने बघितलं तर हंस आणि उलटं केलं तर हत्ती. मोबदला म्हणून त्याने मागितलं काय, तर हत्तीचं पिल्लू! आणि यांनी दिलं. बंगलोरहून पिल्लू विमानाने युरोपात नेलं. आजच्या कुठल्या सरकारी कंपनीच्या फाइलवर हा खर्च पास होईल सांगा बरं, "हत्ती, एक नग".

कंपनी टाटांकडे परत गेली जानेवारी २०२२ मध्ये पण संग्रह सौद्यात नव्हता, तो २०२३ मध्ये सरकारच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला.

नाक्यावरचा_नंदू

"हत्ती, एक नग" वर ऑडिट ऑब्जेक्शन: पावती जोडलेली नाही.

टोरांटोची_टवाळ

अवांतर: एअर इंडियाचा तो मिशीवाला महाराजा कोणी केला माहितीये का? १९४६ मध्ये बॉबी कूका म्हणून कमर्शियल डायरेक्टर होते, आणि चित्र काढलं उमेश राव यांनी, ते जाहिरात कंपनीत आर्टिस्ट होते. लोक समजतात महाराजा हा लोगो आहे. तो मॅस्कॉट. लोगो होता तो सेंटॉर, म्हणजे धनु रास, तोही २००७ पर्यंतच. आणि २०२३ मध्ये टाटांनी नवीन लोगो आणला त्यात सेंटॉर नाहीच. तेव्हा उन्हंताई, तुला जो आवडायचा तो आता फक्त फोटोत.

परदेशात असल्यामुळे मला जरा जास्तच भरून येतं का माहीत नाही पण ऐंशीच्या दशकात काका पहिल्यांदा इकडे यायला निघाले तेव्हा तिकिटासाठी त्या बिल्डिंगच्या खालच्या बुकिंग ऑफिसला आम्ही पूर्ण खानदान गेलेलो. आठ माणसं. एक तिकीट. आजोबा कोट घालून.

खडूस_सिव्हिल

आठ माणसं एक तिकीट, हे मात्र अस्सल मराठी.

चर्चगेट_स्लो

धागा छान चाललाय. पण एका मुद्द्यावर कोणी आलंच नाही, तो म्हणजे १,६०१ कोटी. मी जेवढं समजलो ते असं की जमीन मुळात राज्य सरकारचीच, एअर इंडियाला भाडेपट्ट्याने दिलेली. म्हणजे आपली जमीन, त्यावर त्यांनी बांधली, आणि आता आपणच पैसे देऊन परत घेतोय? कोणी समजावून सांगेल का, सरळ भाषेत.

निवांत_नागपूरकर

सरकारी नोकरीत आयुष्य गेलं तेव्हा प्रयत्न करतो.

एअर इंडिया कर्जात गेली तसं मालमत्ता विकायचं ठरलं. टाटांना कंपनी दिली तेव्हा ही बिल्डिंग त्यात दिलेली नव्हती, ती केंद्राच्या वेगळ्या कंपनीकडे ठेवली होती जी फक्त अशा मालमत्ता आणि कर्ज सांभाळते. आधी बोली लागली होती, एलआयसी १,२०० कोटी, जेएनपीटी १,३७५ कोटी, महाराष्ट्र सरकार १,४०० कोटी. सौदा तेव्हा झाला नाही. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,६०१ कोटींना मान्यता दिली. आणि वर २९८ कोटी ४२ लाखांची अनर्जित उत्पन्नाची आणि व्याजाची थकबाकी राज्याने माफ केली. अनर्जित उत्पन्न म्हणजे काय, तर सरकारी जमीन भाडेपट्ट्याने घेतलेल्या माणसाने ती पुढे विकली किंवा त्यावर कमावलं तर वाढलेल्या किमतीतला वाटा मूळ मालकाला द्यायचा, हा सरकारचा हक्क. आता विकत घेणाराही सरकारच म्हणून तो सोडून दिला. तेव्हा खरं गणित धरायचं तर एकोणीसशे कोटींच्या आसपास जातं.

मोबदल्यात मिळतं साधारण ४६,४७० चौरस मीटर.

ओवी_दादर

म्हणजे पाच लाख स्क्वेअर फूट. भागाकार केला मी, १,६०१ कोटी धरले तर फुटाला बत्तीस हजार. नरिमन पॉइंटला, समुद्राच्या तोंडावर! दादरला आमच्या गल्लीत यात गॅरेज नाही येत.

नाक्यावरचा_नंदू

घ्या म्हणजे सरकारने पहिल्यांदा स्वस्तात काहीतरी घेतलं आणि त्यावरही आपण रडतोय.

मावळतीची_उन्हं

स्वस्त-महाग राहू दे, मुळात तिथेच का? हे मला आर्किटेक्चरला असताना शिकवलेलं आठवतंय आणि तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून जरा लांबण लावते.

बॅकबेचा (म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्राचा) भराव ही मुंबईची जुनी खोड. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर भरावाच्या कंपन्या निघाल्या, शेअर आभाळाला भिडले, युद्ध संपलं आणि १८६५ ला सगळं कोसळलं. मग १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांनी परत घाट घातला. मोठी योजना, आठ तुकड्यांची, आणि समुद्राच्या भिंतीच्या फटींतून भरावाचा गाळ परत समुद्रात जाऊ लागला. लोक त्याला लॉइडचा वेडेपणा म्हणायचे. आणि यातला घोटाळा चव्हाट्यावर कोणी आणला? खुर्शेद नरिमन, वकील. सरकारी अधिकारी हार्वे यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. शेवटी आठपैकी चारच तुकडे भरून झाले, बाकीचं काम थांबलं.

आता काव्यगत न्याय बघा (की क्रूर विनोद). ज्या माणसाने भरावाविरुद्ध आवाज उठवला, त्याच्याच नावाने पुढे स्वातंत्र्यानंतर उरलेला समुद्र भरून नरिमन पॉइंट झाला.

आणि तेव्हाही विरोध झालेला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मार्ग मासिकात मांडलं की बाबांनो, दक्षिणेच्या टोकाला आणखी ऑफिसं कोंबू नका, सकाळी सगळे दक्षिणेला संध्याकाळी सगळे उत्तरेला, लोकल फाटून जाईल, खाडीपलीकडे नवं शहर उभारा आणि सरकारने आपली ऑफिसं घेऊन आधी स्वतः तिकडे जावं म्हणजे बाकीचे मागून येतील. सरकारने काय केलं, १९७० मध्ये सिडको काढली, नवी मुंबई घोषित केली, आणि सचिवालय (आताचं मंत्रालय) मात्र जागचं हललं नाही. त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला एक्स्प्रेस टॉवर्स, ओबेरॉय, एअर इंडिया एकामागोमाग एक उभ्या राहिल्या. आणि आज पन्नास वर्षांनी सरकार तिथेच आणखी पाच लाख फूट ऑफिस घेतंय.

मला बिल्डिंगचा राग नाही. पण तिच्याकडे बघितलं की मला सेंटॉरच्या आधी ही गोष्ट आठवते.

टोरांटोची_टवाळ

केक करतेस म्हणालीस ना? आम्हाला हा लेख वेगळा हवाय, केकसकट.

पेन्शनर_आप्पा

उन्हंताई, फार छान लिहिलंत. लोकल फाटून जाईल म्हणालात, ती फाटली. मी बोरिवलीला राहायला गेलो १९८४ ला, त्यानंतर वीस वर्षं मी सकाळी आठ चाळीसच्या गाडीत एका पायावर. दुसरा पाय ठेवायला जागा मिळाली की आम्ही म्हणायचो आज प्रमोशन झालं.

पण सरकारी कार्यालयांचं म्हणाल तर दुसरी बाजूही आहे. जून २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागली, तेव्हापासून कुठलं खातं कुठे ते सापडत नाही. काही जी.टी. हॉस्पिटलच्या आवारात, काही भाड्याच्या जागेत. माझ्या पुतणीच्या एका कामासाठी गेल्या वर्षी मी तिच्याबरोबर फिरलो, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला टॅक्सी करावी लागते. सातारा, लातूरहून आलेला माणूस काय करत असेल? एअर इंडिया बिल्डिंग मंत्रालयापासून चालत अंतरावर आहे. सगळं एका ठिकाणी येणार असेल तर येऊ दे की.

खडूस_सिव्हिल

आप्पांशी सहमत. आणि उन्हंताईंशीही सहमत, दोन्ही एकदम होता येतं.

फक्त एक विनंती. आता तिथे आतून तोडफोड होणार, पार्टिशनं, केबिनी, प्रत्येक सचिवाला वेगळा एसी. बाहेरच्या उभ्या पट्ट्यांवर एसीचे डबे लटकवले तर त्या बिल्डिंगचं जे काही रूप आहे ते पण जाईल. मावळतीची उन्हं म्हणाल्या सूट घातलेला माणूस. त्या सुटावर बाहेरून पिशव्या अडकवू नका एवढंच. पाइप, केबल, गच्चीवर पत्र्याची शेड, हे सगळं मी पाहिलंय कसं होतं, पहिल्या वर्षी एक, तात्पुरती, मग दहा वर्षांनी मोजता येत नाहीत.

नाक्यावरचा_नंदू

गच्चीवर काय लावणार हा खरा प्रश्न आहे. राजमुद्रा? घड्याळ? फ्लेक्स?

ओवी_दादर

फ्लेक्स. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. चौपाटीवरून वाचता येईल इतका मोठा.

नाक्यावरचा_नंदू

बाई तुम्ही आयडिया देऊ नका, खरंच लावतील.

निवांत_नागपूरकर

कुठल्या साहेबाचा फ्लेक्स यावर आता धागा काश्मीरकडे निघालाय, वेळीच वळवा.

टोरांटोची_टवाळ

वळवते. विमानांच्या खिडक्यांभोवती ते लाल झरोके रंगवलेले असायचे ना, १९७१ ला जम्बो जेट आलं तेव्हापासून? लहानपणी मला वाटायचं बिल्डिंगच्या खिडक्यांनाही तसेच झरोके असणार. गेल्या वेळी आले तेव्हा मुलाला हौसेने दाखवायला नेलं आणि नाहीतच. तो म्हणाला, आई, ही तर ऑफिसची बिल्डिंग आहे.

चर्चगेट_स्लो

तुझा मुलगा आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे.

मी काल परत गेलो होतो, त्या कागदावर शिक्का राहिलाच होता ना. यावेळी बाई होत्या, साहेब नव्हते. मग परत कट्ट्यावर. आप्पांचं वाचलेलं डोक्यात होतं म्हणून खालचा भाग नीट बघितला, गाड्या आत जातात तो. काही दिसत नाही आता, वॉचमन होता, त्याने विचारलं काय पाहिजे, मी म्हटलं काही नाही, बघतोय. तो म्हणाला इथे सगळे बघायलाच येतात, फोटो मात्र तिकडून काढा, आणि हात केला थेट चौपाटीच्या दिशेने.

मावळतीची_उन्हं

वॉचमनला आर्किटेक्चरची डिग्री द्या.

पेन्शनर_आप्पा

चर्चगेट_स्लो, साहेब साडेतीननंतर येतात. चहाच्या आधी गाठा.